फाटक कुठे ठेवायचं, हे आधी ठरवा

जुलैतली सकाळ होती, साडेसहाला दहा कमी. पाऊस लागलेला. आमच्या नव्या आयटी पार्कच्या मागच्या भिंतीबाहेर मी छत्री धरून उभी होते. शेजारी हाउसकीपिंगच्या एक मावशी होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. पगाराच्या कागदांसाठी आल्या होत्या, तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, जागा दाखवा. भिंतीला लागून सिमेंटचे दोन ठोकळे एकावर एक रचले होते. त्यावर चढायचं, वरची वाकवलेली तार ओलांडायची आणि आत उतरायचं, अशी ती वाट. चार दिवसांपूर्वी तिथंच त्यांचा पाय सटकला आणि मनगट मोडलं.

"मॅडम, बस हितंच थांबती," त्या म्हणाल्या. "आमची बिल्डिंग ती समोर दिसतीया. मधी ही भिंत. मेन गेटनं जायचं म्हंजी पंचवीस मिनटं चालायचं, अन् पंचिंगला उशीर झाला की अर्धा दिवस कापत्यात."

ऑफिसात परत आल्यावर मी नकाशा उघडून मोजलं. बसथांब्यापासून इमारतीच्या दारापर्यंत सरळ रेषेत अडीचशे मीटर अंतर, आणि मुख्य फाटकातून रस्त्यानं पावणेदोन किलोमीटर. त्या नकाशावर माझी सही आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वाहतूक नियोजनात काम करते. पहिल्या आराखड्यात मी त्याच जागी एक छोटं फाटक दाखवलं होतं. सुरक्षेच्या बैठकीत मुद्दा निघाला की आणखी एक फाटक म्हणजे प्रत्येक पाळीला दोन माणसं जास्त. फाटकाची रेघ खोडली गेली. मी त्या खोलीत होते आणि गप्प बसले. माझं सगळं लक्ष मुख्य फाटकाकडे होतं: तिथून तासाला किती मोटारी आत येतील, रांग हायवेपर्यंत जाईल का, सिग्नल लागेल का. चालत कोण येणार, किती वाजता आणि कुठल्या बाजूनं, हा प्रश्न आमच्या अहवालात नव्हताच. पार्क उभारणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. हीच चूक मी पुढे दुसऱ्या ठिकाणीही पाहिली आहे, आणि अशी कामं ज्यांच्या हातात आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पुण्यात काम करणाऱ्या माणसाला खरं तर हे सांगायची गरज पडू नये, कारण हिंजवडी आपल्या डोळ्यांसमोर आहे. एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आकाराला येऊ लागलं. टप्पा एक, दोन, तीन असं ते वाढत गेलं. कंपन्या आल्या, इमारती झाल्या, माण आणि मारुंजीकडे घरं झाली. पण शहरातून येणारा बहुतेक माणूस वाकडचा पूल, भुमकर चौक आणि शिवाजी चौक याच गळ्यातून आत शिरत राहिला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी झाली डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पहिली माणसं कामावर रुजू झाल्यावर जवळजवळ दोन दशकांनी. तोपर्यंत एक अख्खी पिढी दुचाकीवर आणि कंपनीच्या कॅबमध्ये वाढली. हमरस्ता एका यंत्रणेचा, आतले रस्ते दुसरीचे, गावातले ग्रामपंचायतीचे, बस तिसरीची आणि मेट्रो चौथीची. पाणी तुंबलं की कुणाला फोन करायचा, हेच लोकांना कळत नाही.

याच राज्यात दुसरंही उदाहरण आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोनं रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा उचलला आणि वाशीच्या स्टेशनच्या इमारतीतच आयटी कंपन्यांसाठी कार्यालयं बांधली. लोकलमधून उतरलेला माणूस जिना चढून कामावर पोचतो. रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली १९९२ मध्ये, आणि त्या भागातल्या नोकऱ्या पुढे तिच्याभोवती वाढल्या. वांद्रे-कुर्ला संकुलात मात्र कार्यालयं आधी आली आणि संकुलाच्या आत स्टेशन आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो तीनचं. मधली कित्येक वर्षं वांद्रे आणि कुर्ला स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत गेली.

आमच्या पार्कमधली दुसरी चूक बसची होती. पीएमपीएमएलशी बोलणं चालू होतं; पण पहिल्या कंपनीचं ऑफिस सुरू झालं तेव्हा करार झालेला नव्हता. "लोक येऊ देत, मागणी दिसली की बस मागू," असं ठरलं. बस आली अकरा महिन्यांनी. तोवर बहुतेकांनी आपापली सोय करून घेतली होती. ज्यांना बस हवी होती, त्यांनीच आधी कर्ज काढून स्कूटर घेतली, कारण त्यांना पहिल्या सोमवारी साडेनऊला कामावर पोचायचं होतं. दर महिन्याला हप्ता भरणारा माणूस बसचा पास काढत नाही. बस रिकामी धावली, मग फेऱ्या कमी झाल्या, आणि बैठकीत ऐकायला मिळालं, "बघा, लोकांना बस नकोच आहे." माणूस नवी नोकरी धरतो त्या पहिल्या आठवड्यातच यायची-जायची सवय लावून घेतो. त्या आठवड्यात बस नसेल, तर नंतर आलेल्या बसला ती सवय मोडावी लागते, आणि ते फार कठीण काम आहे.

तिसरी चूक पार्किंगची. मोटार लावायला, वळायच्या जागेसह, उघड्यावर साधारण २३ ते २५ चौरस मीटर धरावे लागतात, तळघरात तीसच्या वर. तीच मोटार घेऊन आलेल्या माणसाच्या टेबलाला, वाटेतल्या मोकळ्या जागेसह, सात-दहा चौरस मीटर पुरतात. म्हणजे माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा त्याच्या गाडीसाठी बांधायची, आणि तिचा खर्च सगळ्यांच्या भाड्यात वाटून टाकायचा. चालत येणाऱ्या मावशींच्या कंत्राटदाराच्या बिलातही तो कुठेतरी असतोच. आम्ही दोन मजली तळघर एकदमच खोदलं. इतकी फुकट जागा हाताशी आल्यावर गाडी घरी ठेवायचं कुणालाच कारण उरलं नाही.

आता, नव्यानं असं काम हाती घेणाऱ्यांनी काय करावं, ते सांगते.

सगळ्यात आधी पिनकोड गोळा करा. पार्कमध्ये येणाऱ्या कंपन्यांकडून आजच्या कर्मचाऱ्यांचे पिनकोड आणि पाळीच्या वेळा मागा, नावं नकोत. त्यात सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, कॅन्टीन, माळी आणि ड्रायव्हर आलेच पाहिजेत. आमचं सर्वेक्षण फक्त टेबलावर बसणाऱ्यांचं झालं. मावशींची पाळी साडेसहाची, सुरक्षारक्षकांची सात ते सात, कॅन्टीनवाले त्याहून आधी. ही माणसं जवळच्या गावांतून चालत किंवा पहिल्या बसनं येतात, आणि नकाशात त्यांची सोय नसली तर ती ठोकळे रचून स्वतःच वाट काढतात.

मग फाटकं ठरवा, इमारती नंतर. जिथून माणसं येणार, तिथे पायी फाटक हवं, आणि बसथांबा त्याच्या समोर हवा. फाटकापासून दारापर्यंतची वाट पार्किंगमधून वळसे घेत न जाता सरळ जावी. फुटपाथवर चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या आत, असं इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या रुंदीत विजेचा डीपी, झाडाचा कठडा आणि जाहिरातीचा खांब येता कामा नये. उतार असा द्या की व्हीलचेअर हातानं ढकलत नेता येईल. कागदावर हे सगळं बरोबर दिसलं तरी थांबू नका. पावसाळ्यात, पहाटे सहाला, एकदा स्वतः चालून बघा. पाणी कुठे साचतं, दिवा कुठे लागत नाही, कुत्री कुठे बसलेली असतात, हे कॅडच्या नकाशात दिसत नाही.

बस पहिल्या दिवसापासून हवी. त्यासाठी पहिली दोन-तीन वर्षं जो तोटा होईल तो पार्क भरून देईल, असं परिवहन संस्थेला लेखी द्या आणि ती रक्कम प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरा. तळघराच्या एका मजल्यापुढे ही रक्कम छोटी असते. चाळीस माणसांची एक बस रस्त्यावर जितकी जागा अडवते, ती त्याच चाळीस जणांनी एकेकट्यानं आणलेल्या मोटारींच्या जागेशेजारी मांडून बघा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं हेच म्हटलं आहे, की रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून वाटायला हवी. नेमणुकीच्या पत्राबरोबरच बसचं वेळापत्रक आणि पहिल्या महिन्याचा पास हातात ठेवा. स्टेशन किंवा मेट्रोपर्यंतची जोडबस ही याच सोयीचा भाग आहे. मोठी गाडी वेळेवर आणि जोडबस बेभरवशाची असेल, तर माणूस पुन्हा स्कूटरकडेच वळतो.

पार्किंग टप्प्याटप्प्यानं बांधा. नियमावलीत सांगितलेल्या किमान संख्येपलीकडे एकदम जाऊ नका. पुढच्या टप्प्याची जमीन राखून ठेवा आणि दर वर्षी मोजणी करून मगच तिचा निर्णय घ्या. पार्किंगचं भाडं ऑफिसच्या भाड्यातून वेगळं काढा, म्हणजे गाडी न आणणाऱ्यावर त्याचा भार पडणार नाही. सर्वांना सारखा प्रवासभत्ता द्या. ज्याला पार्किंग हवं तो त्यातून पैसे भरेल, बसनं येणाऱ्याच्या हातात ते उरतील. सायकल लावायची जागा दाराजवळ आणि छताखाली असू द्या, अंघोळीची सोय ठेवा. पुणं कधीकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. ती सवय आपण गमावली ती रस्ते घाबरवणारे झाल्यामुळे, अंतर वाढल्यामुळेच नव्हे.

रात्रपाळीचा विचार वेगळा करा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि घरापर्यंत सुरक्षित पोचवायची जबाबदारी मालकाची असते. कंत्राटी बायकांच्या बाबतीत ही जबाबदारी कंत्राटदाराकडून मालकाकडे आणि मालकाकडून कंत्राटदाराकडे फिरत राहते. पार्कच्या भाडेकरारातच लिहून घ्या की आवारात काम करणाऱ्या प्रत्येकीला ही सोय लागू आहे.

भाडेकरारात आणखी दोन कलमं घाला. कंपन्यांच्या सुरू होण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा एकमेकींपासून अर्धा-पाऊण तास वेगळ्या ठेवायच्या. आणि दर वर्षी ठरलेल्या एका दिवशी प्रत्येक फाटकावर माणसं मोजायची, कशानं आली ते लिहायचं आणि आकडे सगळ्यांसमोर लावायचे. हे सगळं बघायला एक पूर्णवेळ माणूस नेमा. ग्रामपंचायत, परिवहन संस्था, वाहतूक पोलीस आणि कंपन्या यांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवणं, हे त्याचं मुख्य काम. सरपंचांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. आमच्या कॅब गावठाणातल्या शाळेसमोरून भरधाव जायच्या, आणि गावकऱ्यांनी रस्ता अडवला तेव्हा आम्हाला ते कळलं. पार्कची चालायची वाट, बसथांबा, दिवे गावालाही वापरता आले, तर गाव ते राखतं.

हे सगळं खर्चाचं आहे असं कुणी म्हणेल. मी दोन्ही बाजूंचा खर्च मांडलेला पाहिला आहे. झालेली भिंत फोडून फाटक करायला, थांबा हलवायला, नाल्यावर पूल टाकायला जे पैसे लागले, ते आधी लागणाऱ्या पैशांच्या कितीतरी पट होते. आणि गेलेले अकरा महिने कुठल्याही पैशानं परत आले नाहीत.

ते मागचं फाटक आता उघडं आहे. सहा फूट रुंद, वर पत्र्याचं छत, एक दिवा, खुर्चीवर एक रक्षक. सकाळी सहापासून तिथून माणसं आत येतात. हाउसकीपिंगच्या बायका तर येतातच, लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेली तरुण मुलंही येतात. ठोकळे मी उचलायला लावले. मावशी कामावर परत आल्या, पण त्यांचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. पोछा पिळायला त्यांना शेजारणीची मदत लागते.

म्हणून एवढंच सांगणं आहे. नकाशावर सही करण्याआधी एक दिवस पहिल्या बसनं तिथं जा, आणि थांब्यावर उतरून इमारतीच्या दारापर्यंत चालत या. वाटेत भिंत आडवी आली, तर सही करू नका.