आजारी मांजर आणि आपली ऐपत

दिव्य कुरआनात अल्लाहने जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांना आपल्यासारखेच समूह म्हटले आहे (6:38). त्यांचा आणि आपला पालनकर्ता एकच आहे. म्हणून ज्या मुक्या जीवाला आपण घरात आसरा दिला, त्याच्याविषयी आपल्याला विचारणा होणार, हे श्रद्धावंताने जाणून असावे.

मांजर धडधाकट असेपर्यंत या जबाबदारीचे ओझे जाणवत नाही. ते गंभीर आजारी पडले की खरी परीक्षा सुरू होते. वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेसारख्या वस्तीत कित्येक घरे रोजच्या मिळकतीवर चालतात. मुलांची फी, आईची औषधे आणि घरभाडे भागवल्यावर मांजराच्या उपचारासाठी पैसा आणावा कोठून? अशा वेळी कोणी मांजराला पोत्यात घालून दूर बाजाराजवळ सोडून येतो, तर कोणी महागडा उपचार करता आला नाही म्हणून स्वतःला अपराधी समजत राहतो. इस्लामची शिकवण या दोन्ही टोकांपासून आपल्याला वाचवते.

सोडून देणे म्हणजे सुटका नव्हे

आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी निवेदन केलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडे-कीटक खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. ही हदीस ऐकून एखादा म्हणेल, ‘मग पोसणे जमत नसेल तर सोडून द्यावे.’ परंतु जरा विचार करा. तेथे मोकळे सोडण्याचा हेतू मांजराने स्वतःचे अन्न शोधावे हा आहे. ज्याच्यात उभे राहण्याची ताकद नाही, ते काय शोधणार? आजारी मांजराला अनोळखी जागी टाकणे म्हणजे त्याला जागा बदलून उपाशी मारणेच होय. आपल्या देशाच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही पाळीव प्राण्याला भूक-तहानेने त्रास होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे.

इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह., मृत्यू हिजरी 660) यांनी प्राण्यांचे हक्क सांगताना लिहिले आहे की, प्राणी म्हातारा वा आजारी होऊन त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्या पोषणाचा खर्च मालकावर राहतो. उंदीर मारणारे मांजर आपले आणि अंथरुणावर घाण करणारे परके, असा हिशेब येथे चालत नाही.

ऐपतीची मर्यादा

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (2:286). ज्याची मिळकत तुटपुंजी आहे, त्याने अल्लाहने दिले त्यातूनच खर्च करावा (65:7). कुटुंबाचे अन्न व औषध आधी येते. मांजरासाठी व्याजाने कर्ज काढू नये. जकातीची रक्कमही यासाठी वापरू नये, कारण तिचे आठ हक्कदार ठरलेले आहेत (9:60). मात्र ऐच्छिक सदका अवश्य वापरता येतो. तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्यात विहिरीचे पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाली, ही हदीस प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ तेवढेच साधन होते, आणि त्याने ते वापरले.

आपल्याजवळची साधनेही पाहा. प्रथम शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आजार गुंतागुंतीचा असल्यास नागपूर येथे 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे व त्याला जोडून रुग्णालय आहे. पिपरी (मेघे) येथे जखमी व बेवारस प्राण्यांसाठी करुणाश्रम आहे. तेथे सल्ला विचारावा, परंतु आपली जबाबदारी तेथे टाकून येऊ नये. डॉक्टरांना आपली ऐपत संकोच न करता आधीच सांगावी: ‘एवढेच पैसे आहेत, यात सर्वांत आवश्यक काय?’ अनेकदा महागड्या तपासण्यांआधी सलाईन, उलटीचे औषध आणि वेदनाशामक यांनी आराम देता येतो.

काही गोष्टींना पैसा नव्हे, सावधगिरी लागते. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. अर्धी गोळीही प्राणघातक ठरू शकते. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. 2-3 दिवसांत जीव जाऊ शकतो. दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे हेही धोक्याचे लक्षण आहे. पिलांना उलट्या-जुलाबांनी मारणाऱ्या पॅनल्युकोपेनियावर लस आहे, आणि लसीचा खर्च उपचाराहून पुष्कळ कमी असतो.

निरोपाची वेळ

सर्व करूनही मांजर वाचणार नाही, असे डॉक्टर सांगतील. इंजेक्शनने मरण देण्याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. म्हणून डॉक्टरांकडून वेदनेची स्थिती समजून घ्यावी आणि विश्वासू आलिमांना विचारूनच निर्णय करावा. तोवर ऊब, पाणी, स्वच्छ अंथरूण आणि वेदना कमी करणारे औषध हे त्याचे हक्क आहेत. जनावर जिबह करतानाही सुरी धारदार ठेवून त्याला आराम देण्याची आज्ञा ज्या प्रेषितांनी (स.) दिली, त्यांच्या अनुयायाच्या घरात कोणताही जीव तळमळत दुर्लक्षित पडू नये.

मुले रडतील, तेव्हा ‘मांजरच तर होते’ असे म्हणून त्यांना गप्प करू नका. आदरणीय अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर आपल्या लहानशा पक्ष्याच्या मृत्यूने खिन्न झाला, तेव्हा स्वतः प्रेषितांनी (स.) त्याची आपुलकीने विचारपूस केली होती. त्याच मायेने मुलांना जवळ घ्या आणि त्यांना सांगा की, आपल्याला शक्य होते ते आपण केले, आणि जे शक्य नव्हते त्याचा जाब अल्लाह मागत नाही.