आधी काय घडले? राजस्थानची तळी आणि हडप्पाची शहरे



‘हडप्पा संस्कृतीची शहरे का ओस पडली?’ हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात विचारतो. उत्तर एका सुरात येते : ‘सर, पाऊस कमी झाला!’ उत्तर लहान आहे, लक्षात राहणारे आहे. पण हे कोणी शोधले, कशावरून शोधले, असे पुढे विचारले की वर्ग शांत होतो. या लेखात आपण तो पुरावा क्रमाने तपासू. नकाशावाचनाच्या तासाला मी सांगतो की आधी स्वतःची जागा निश्चित करा, मग दिशा ठरवा. इथेही तेच करायचे आहे. फक्त जागेच्या जोडीला काळही निश्चित करायचा आहे.

आधी जागा

राजस्थानच्या उत्तर टोकाला, हनुमानगढ जिल्ह्यात, घग्गर नदीच्या दक्षिण काठावर कालीबंगा हे हडप्पाकालीन ठिकाण आहे. तिथून नैऋत्येला सुरतगढ लागते. सुरतगढहून बिकानेरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालो की आधी महाजन येते आणि मग लुणकरणसर. तुमच्यापैकी काहींच्या घरी सुरतगढ आणि महाजनची फायरिंग रेंज ही नावे रोजच्या बोलण्यातली असतील. त्याच वाळूत लुणकरणसरचे खारे तळे आहे. आज ते बहुतेक काळ कोरडे असते, पण एकेकाळी त्यात चांगले पाणी होते. आपल्या प्रश्नाचा मोठा पुरावा या तळ्याच्या तळाशी सापडला.

तळ्यातला गाळ काय सांगतो?

फील्डक्राफ्टच्या तासाला खंदक खणताना त्याच्या भिंतीकडे कधी नीट पाहिले आहे का? वर काळसर माती, खाली मुरूम, मध्ये कुठे वाळूचा पट्टा असतो. जमीन कोणी उलथीपालथी केली नसेल, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. तळ्याच्या तळाशी गाळ असाच थरावर थर साचत जातो.

या गाळात वनस्पतींचे परागकण अडकतात. परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षे ते कुजत नाही. प्रयोगशाळेत तीव्र आम्लांनी गाळातली खनिजे विरघळवली तरी कण शिल्लक राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक करून ओळखायचे आणि मोजायचे. पाणवनस्पतींचे कण जास्त मिळाले तर तळ्यात गोडे पाणी होते. खाऱ्या जमिनीतल्या झुडपांचे कण वाढले तर तळे आटत चालले होते. गाळात कोळशाचे बारीक कण असतील तर आसपास काहीतरी जळत होते.

थराचे वय काढण्यासाठी कार्बन-१४ वापरतात. सजीव मेला की त्याच्यातला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटत जातो, आणि ५७३० वर्षांत निम्मा उरतो. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून कार्बनची वर्षे आणि कॅलेंडरची वर्षे जुळत नाहीत. कार्बनची ४८०० वर्षे म्हणजे कॅलेंडरची सुमारे ५५०० वर्षे. हे रूपांतर केले नाही तर घटनांचा क्रम सातशे वर्षांनी चुकतो.

पहिला अहवाल, दुसरा अहवाल

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना आणि लुणकरणसर या तळ्यांतल्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना खालच्या थरांत कोळशाचे कण आणि धान्याच्या जातीचे परागकण एकत्र मिळाले. माणूस इथे फार पूर्वीपासून झाडोरा जाळून जमीन मोकळी करत असावा, असे त्यांनी मांडले. काही रानगवतांचे परागकणही तसेच दिसतात, त्यामुळे या मुद्द्यावर पुढे वाद झाला. त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला. हडप्पाची भरभराट ओलसर हवामानात झाली आणि हवामान कोरडे झाले तेव्हा ऱ्हास झाला, असा तो निष्कर्ष. माझ्या वर्गातले उत्तर तिथूनच येते.

१९९९ मध्ये येहुदा एन्झेल आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी लुणकरणसरच्या गाळाचा अधिक बारकाईने, अधिक कालमापने घेऊन अभ्यास प्रसिद्ध केला. तळे भरलेले असण्याचा काळ त्यांनाही सापडला. पण ते कार्बनच्या ४८०० वर्षांपूर्वीच्या सुमारास, म्हणजे इ.स.पू. ३५०० च्या आसपास, आटले होते. आता घटना ओळीने मांडून पाहा :

इ.स.पू. ३५०० च्या सुमारास : लुणकरणसर आटले.
इ.स.पू. २८०० च्या सुमारास : कालीबंगाला वस्ती आणि नांगरलेले शेत.
इ.स.पू. २६०० ते १९०० : हडप्पाची मोठी शहरे.
इ.स.पू. १९०० नंतर : शहरे ओस पडत गेली.

तळे आटले आणि त्यानंतर हजारेक वर्षांनी शहरांचा बहर आला! म्हणजे वाळवंटाच्या या भागात पाऊस आधीच कमी झाला होता, आणि शहरे त्या कोरड्या काळातच उभी राहिली. ऱ्हासाचे कारण म्हणून हे तळे साक्ष देऊ शकत नाही.

तिसरा अहवाल

मग पावसाचा संबंधच नव्हता का? एवढ्यावर तसे म्हणता येणार नाही. एका चौकीच्या अहवालावर कोणी संपूर्ण आघाडीचे चित्र काढत नाही. २०१४ मध्ये हरियाणातल्या कोटला दहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शिंपल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्यातला हलका ऑक्सिजन बाष्पीभवनात आधी उडून जातो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो. गोगलगाय त्याच पाण्यातून कवच बनवते. त्यामुळे शिंपल्यात जड ऑक्सिजन वाढला, की तळ्यात येणारे पाणी कमी झाले होते आणि उन्हाने आटणारे जास्त होते, हे कळते. या शिंपल्यांनी सांगितले की सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी कमजोर झाला. हा काळ शहरांच्या ऱ्हासाच्या थोडा आधीचा आहे.

म्हणून वाळवंटातल्या तळ्याने जी साक्ष दिली नाही, ती पूर्वेकडच्या तळ्याने दिली. दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे आहेत. मात्र क्रम जुळला म्हणजे कारण सिद्ध झाले, असेही नाही. आधी घडलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते. पण नंतर घडलेली गोष्ट कारण कधीच नसते, आणि एवढी एकच कसोटी लावली तरी बरीच चुकीची उत्तरे गळून पडतात.

नदीचा प्रश्न

नदीने पात्र बदलले म्हणून शहरे मेली, हे दुसरे आवडते उत्तर. २०१७ मध्ये कानपूरची आयआयटी आणि लंडनचे इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी घग्गरच्या खोऱ्यात विंधनछिद्रे घेऊन वाळूचे वय काढले. त्यांच्या मते सतलजचा मोठा प्रवाह हे खोरे आठ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सोडून गेला होता. म्हणजे लोकांनी मोठ्या नदीच्या सोडलेल्या पात्राकाठी वस्ती केली, जिथे पावसाळी पाणी मिळे आणि महापुराचा धोका कमी असे. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने घग्गरमध्ये सुमारे ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत हिमालयातून बारमाही पाणी येत होते, असे मांडले. हा वाद चालू आहे. परीक्षेत असा प्रश्न आला तर दोन्ही बाजू लिहा.

माणसाने काय केले?

१९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेले मॉर्टिमर व्हीलर लष्करात ब्रिगेडियर होते आणि युद्ध चालू असतानाच इथे आले. थरांची शिस्तीने नोंद ठेवून खणण्याची पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजवली. विटा भाजण्यासाठी जंगले तोडून लोकांनी स्वतःचाच परिसर झिजवला, असे त्यांना वाटे. हा विचार सगळीकडे लागू होत नाही. कालीबंगाची घरे मुख्यतः कच्च्या विटांची होती आणि भाजलेल्या विटा विहिरी, गटारे अशा पाण्याच्या कामांपुरत्या होत्या. माणूस निसर्गावर परिणाम करतोच, पण किती केला हे प्रत्येक ठिकाणी मोजावे लागते.

कालीबंगाचे उत्खनन १९६० ते १९६९ या काळात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली झाले. तटबंदीच्या बाहेर, आग्नेयेला, त्यांना नांगरटीच्या खुणा जशाच्या तशा सापडल्या. एका दिशेच्या तासांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर, आडव्या दिशेच्या तासांत जवळजवळ १.९ मीटर. त्या भागातले शेतकरी आजही अशा उभ्या-आडव्या तासांत मोहरी आणि कडधान्य एकत्र घेतात. आपल्याकडचा शेतकरी ज्वारीत तूर पेरतो, त्याच विचाराने. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते. पाऊस भरवशाचा नाही हे ओळखलेल्या माणसाची ही शेती आहे.

हरियाणातल्या भिर्राणा इथे सापडलेल्या जनावरांच्या दातांचा आणि हाडांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस हळूहळू घटत असतानाही तिथली वस्ती टिकून होती. लोक गहू-बार्लीकडून कमी पाण्यावर येणाऱ्या भरडधान्यांकडे आणि भाताकडे वळले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. अशा पिकांना मोठी सार्वजनिक कोठारे लागत नाहीत. कोठार गेले की शहराचे एक मोठे काम संपते. इ.स.पू. १९०० नंतर पूर्वेकडे लहान खेड्यांची संख्या वाढलेली दिसते. शहरे मोडली, पण माणसे शेती बदलून आणि जागा बदलून जगत राहिली.

म्हणूनच ‘पाऊस कमी झाला’ हे उत्तर मला अपुरे वाटते. त्यात माणूस फक्त मार खाणारा दिसतो. पुराव्यातला माणूस निर्णय घेणारा आहे.

आज

आज याच वाळूत सतलज-बियासचे पाणी हरिके इथून इंदिरा गांधी कालव्याने येते. त्याने गहू आणला, कपाशी आणली. काही भागांत जमिनीखालच्या कठीण थरामुळे पाणी मुरत नाही, तिथे शेते पाणथळ आणि खारट झाली. मूळची अमेरिकेतली वेडी बाभूळ रस्त्याकडेने पसरली. या सगळ्याचे परागकण आजच्या गाळात जमा होत आहेत. पुढे कोणी तो थर तपासला, तर आपण पाण्याचे काय केले हे त्याला मोजता येईल. तुमच्यापैकी काही जण उद्या या भागात अधिकारी म्हणून जातील. छावणीसाठी पाणी कुठून घ्यायचे आणि कुठली झाडे लावायची, हे तेव्हा तुम्हालाच ठरवावे लागेल.

सरावासाठी

१. पुढच्या वेळी खंदक खणाल तेव्हा भिंतीवरचे थर मोजा, प्रत्येकाची जाडी व रंग वहीत लिहा आणि सर्वांत जुना थर कोणता ते सकारण सांगा.
२. वर दिलेल्या घटनाक्रमात कोटला दहरची नोंद योग्य जागी भरा.
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या गावातल्या एका विहिरीची किंवा तळ्याची पाणीपातळी तीस वर्षांपूर्वी काय होती ते विचारा. पाणी कमी झाले असेल तर पाऊस, उपसा आणि बदललेले पीक यांपैकी आधी काय घडले, ते वर्षासह लिहून आणा.