श्रीपादाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या भागातून धम्मयात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्या वाढते आहे. बोधगया, सारनाथ, राजगीर आणि लुंबिनी झाल्यावर अनेकांना श्रीलंकेची ओढ लागते. महेंद्र थेरांनी जिथे धम्मोपदेश केला ते मिहिंतले, अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचे दंतधातू विहार आणि शेवटी श्रीपाद पर्वत. आम्हीही वर्ध्याहून अशाच एका गटासोबत गेलो होतो. तिथे जे अनुभवले, त्यातूनच हा लेख लिहीत आहोत.

चढ किती आहे?

श्रीपादाची उंची २,२४३ मीटर आहे. आपला वर्धा जिल्हा बहुतांश सपाट, समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरच्या आसपास. नल्लतन्नी गावाकडून वर जायला सुमारे ७ किलोमीटरची वाट आणि साधारण ५,५०० पायऱ्या आहेत. तुलनेसाठी पाहा : मिहिंतलेला १,८४० पायऱ्या आहेत, सिगिरियाला सुमारे १,२००. यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो. शिखरावरून सूर्योदय पाहता यावा म्हणून लोक मध्यरात्रीनंतर चढू लागतात. म्हणजे झोप नाही, पोटात नीट अन्न नाही, अंग घामाने भिजलेले आणि पहाटे वर बोचरा वारा.

आमच्या गटात काय घडले?

अर्ध्याहून अधिक वाट झाली होती. पंचविशीतला एक तरुण पायरीवर बसला. पाय आणि कंबर असह्य दुखत होती. "थकवा आहे, बसलो की बरं वाटेल," असे तो म्हणत राहिला. आमच्यातल्या एका मावशींनी त्याला शाल पांघरली, पाणी दिले आणि जवळ बसून विचारले, "बाळा, तुला काही आजार आहे का?" तेव्हा तो हळूच म्हणाला, "मावशी, मला सिकलसेल आहे. घरी लग्नाची बोलणी चालली आहेत, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

आम्ही तिथूनच परत फिरलो. दोघांनी आधार देत त्याला सावकाश खाली आणले आणि दवाखान्यात नेले. सलाईन व औषधांनी दोन दिवसांत वेदना कमी झाल्या. शिखर राहिले, मुलगा वाचला. पण तो आधी बोलला असता तर ती रात्र त्याच्यावर आलीच नसती.

सिकलसेल आणि चढ यांचा संबंध

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. विदर्भात, विशेषतः आपल्या आणि आदिवासी समाजात, त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. शरीरात प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना सुरू होतात. पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम, ताप-संसर्ग आणि विरळ हवा ही त्याची मुख्य कारणे. रात्रीच्या चढावर यातली बहुतेक एकत्र येतात. श्रीपादाच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश इतकाच प्राणवायू मिळतो.

म्हणून सिकलसेलग्रस्तांनी (एसएस) असा चढ चढूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पायथ्याशी बसून केलेले वंदन काही कमी ठरत नाही. वाहक (एएस) व्यक्ती एरवी निरोगी असतात, त्या चढू शकतात. पण त्यांनीही भरपूर पाणी प्यावे आणि कुणाशी शर्यत लावू नये. भूतानच्या ३,१२० मीटर उंचीवरील तक्त्सांग विहारासारख्या ठिकाणी जाण्यापूर्वी वाहकांनी डॉक्टरांना विचारावे. इतक्या उंचीवर डाव्या बरगडीखाली दुखू लागले तर ते प्लीहेचे दुखणे असू शकते. लगेच खाली उतरावे.

निघण्यापूर्वी दोन महिने

१. सिकलसेल तपासणी करा. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की ग्रस्त ते ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात चौकशी करा.

२. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासा. चाळिशीनंतर किंवा चालताना छातीत दाब येत असेल तर हृदयाचीही तपासणी करून घ्या. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर आधी उपचार घ्या.

३. सराव करा. आठवड्यातून पाच दिवस सकाळी उन्हाआधी अर्धा तास चाला. तीन आठवड्यांनी जिने चढू लागा. गिरडची टेकडीही सरावाला चांगली आहे. चढताना सोबत्याशी बोलता येत असेल तर वेग बरोबर, वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा.

४. नेहमीची औषधे आणि इंग्रजीतली डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांनी प्रवासातही ते सोडू नये. विमा काढताना आजार लपवू नका.

चढताना

तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. मधुमेहींनी मात्र साखर-पाण्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे आणि साखर अचानक उतरली तर खायला थोडा गूळ किंवा गोळी खिशात ठेवावी. कोरडा सदरा आणि स्वेटर पिशवीत असू द्या. वर पोहोचताच ओले कपडे बदला. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून काठी घ्या आणि पाऊल छोटे टाका.

छातीत दुखणे, बसूनही धाप न थांबणे, गोंधळल्यासारखे बोलणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, हाडांत तीव्र कळा : यातले एकही लक्षण दिसले तर चढ तिथेच थांबवा. रुग्णाला ऊब द्या, फक्त हाडांत कळा असतील आणि तो पूर्ण शुद्धीवर असेल तर पाणी द्या, खाली आणा. एकट्याला मागे सोडू नका. श्रीलंकेत १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते.

शेवटी एक विनंती

गटप्रमुखांनी निघण्यापूर्वी प्रत्येकाला एकांतात आजार विचारावा आणि तो गुप्त ठेवावा. लग्नाची भीती वाटते म्हणून आजार लपवला जातो. वधू आणि वर दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करणे हाच उपाय आहे. आजार कोणाचा दोष नाही, तो आईवडिलांकडून येतो. तो सांगणाऱ्याला आपण कमी लेखले नाही, तर पुढचा तरुण पायरीवर बसेपर्यंत गप्प राहणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!