टाळेबंदीतील कुमारवय आणि पडद्यावरील 'मी'

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 'चाइल्डहूड अँड सोसायटी' (१९५०) या ग्रंथात मानवी विकासाच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांतील पाचवी कुमारवयाची. 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर सापडेपर्यंत निरनिराळ्या भूमिका करून पाहण्याची, चुकण्याची आणि माघार घेण्याची मुभा या वयाला लागते. एरिक्सन तिला 'स्थगनकाल' म्हणतात. घरात ही मुभा सहसा मिळत नाही; तेथे आपण कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी धाकटी बहीण असतो. शाळेची वाट, एस.टी.चा थांबा, मधली सुट्टी या त्यासाठीच्या जागा होत.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि या जागा एकाएकी मिटल्या. त्यांच्या बदल्यात स्मार्टफोन आला. 'असर' अहवालानुसार, देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले. मात्र फोन घरात असणे आणि मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. अनेक घरांत तो वडिलांचा असे. वर्ग सुरू झाला की पडद्यावर मुलीऐवजी वडिलांचे नाव उमटे आणि 'हे कोण?' या शिक्षकांच्या प्रश्नाला तिला घरातील सर्वांच्या देखत उत्तर द्यावे लागे. ही बाब किरकोळ वाटेल; पण स्वतःचे नाव घडवण्याच्या वयात दुसऱ्याच्या नावाने हजर राहावे लागणे हा आपल्या विषयाचा गाभाच आहे. कॅमेरा बंद ठेवणारी मुलेही सरसकट आळशी नव्हती. मागची ओल आलेली भिंत, आजोबांची खाट वर्गाला दिसू नये, एवढीच काहींची धडपड होती. (आपल्यापैकी काहींनी याच काळात घरच्या एकुलत्या फोनवर अभ्यास केला असेल, त्यांना हे निराळे सांगायला नको.)

वर्गाबाहेर हाच फोन रंगमंच झाला. डीपी, स्टेटस, छोट्या चित्रफिती यांतून मुले नवनव्या भूमिका करून पाहू लागली. आपल्या बोलीत बोलणाऱ्या खेड्यातील मुलांना टिकटॉकवर प्रेक्षक लाभला होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकही होते. ज्यांनी तेथे स्वतःची काही ओळख उभी केली होती, त्यांच्या हातून ती मोठ्यांच्या लक्षातही न येता निसटली.

आणखी एक भेद महत्त्वाचा. मधल्या सुट्टीतील फजिती चार दिवसांत विरून जाते. स्क्रीनशॉट मात्र उरतो. स्थगनकालाला विस्मरणाची गरज असते, हे एरिक्सन यांच्या काळी वेगळे नोंदवावे लागले नाही.

स्वाध्याय : आपल्या परिचयातील, टाळेबंदीच्या काळात आठवी ते दहावीत असलेल्या एका व्यक्तीशी तिच्या संमतीने बोला. त्या काळात तिने डीपी किंवा खात्याचे नाव कधी व का बदलले, हे तिच्याच शब्दांत, तिची बोली न बदलता, दीडशे शब्दांत लिहा.