बाळाच्या पाठीवरचा फुगा

कधी कधी बाळ जन्मते आणि त्याची पाठ बघून बाया दचकतात. कमरेपाशी, मधोमध, पातळ कातडीचा फुगा असतो. आत पाणी दिसते. मग घरात कुजबुज सुरू होते. "हिने ग्रहणात विळी हातात घेतली असेल." सासू बोलते, नवरा गप्प बसतो, बाळंतीण रडते.

ग्रहणाचा यात काही संबंध नाही. खरी गोष्ट निराळी आहे.

आपल्या कण्याच्या आतून एक मऊ दोर जातो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. पायांना हुकूम पोचतो तो याच दोरातून. गर्भात हा दोर आधी सपाट पट्टीसारखा असतो. मग पट्टीच्या दोन्ही कडा उचलतात, जवळ येतात आणि मिटतात. पानाची सुरळी करतो ना, तशी. गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत हे काम पुरे होते. एखाद्या जागी कडा मिटल्या नाहीत, तर तिथे कणा दुभंगलेला राहतो. डॉक्टर याला 'स्पायना बायफिडा' म्हणतात.

आता हिशेब करा. 28 दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळतही नाही. तिसऱ्या महिन्यात आणलेली गोळी रक्ताला चांगली, पण कण्याला उशीर झालेला असतो.

ही गोळी फॉलिक ॲसिडची. पालेभाजी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांतही हे सत्त्व असते. भाजी उकडून पाणी ओतून दिले, की बरेचसे सत्त्व त्या पाण्याबरोबर जाते. याचा माग लागला तो आपल्या मुंबईत, बरे का! 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या. गिरणीतल्या गरोदर बाया पांढऱ्याफटक का पडतात, हे त्या शोधीत होत्या. पुढे 1991 साली सात देशांतल्या तपासणीचा निकाल आला. ज्यांना आधी असे मूल झाले होते, त्या बायांना दिवस जाण्याआधीपासून गोळी दिली. दर 100 दोषांतले सुमारे 72 टळले.

म्हणून मूल हवे असे ठरले, की निदान महिनाभर आधीपासून रोज एक गोळी घ्यावी. पहिले तीन महिने सोडू नये. आधी असे मूल झाले असेल, किंवा फेफऱ्याचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांची गोळी जास्त ताकदीची असू शकते.

आणि असे बाळ जन्मलेच तर? फुगा फोडू नका. राख, हळद, तेल काही लावू नका. जंतू थेट मेंदूपर्यंत जातात. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके हलकेच ठेवा, बाळाला कुशीवर निजवा, 108 ला फोन करा. दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. पुढे डोके फार भराभर वाढू लागले, तर पुन्हा दाखवा. तिथे पाणी साठते, ते नळीने उतरवतात.

पायांतली गेलेली शक्ती शस्त्रक्रियेने परत येत नाही, हेही सांगितले पाहिजे. माझ्या शाळेत असा एक मुलगा होता. कुबड्या घेऊन यायचा. पण त्याचे खरे दुखणे लघवीचे. त्याला ती कळत नसे, पोरे नाक धरीत. शेवटी दवाखान्यात त्याच्या आईला नळीने लघवी काढायला शिकवले. मधल्या सुट्टीत ती शाळेत येई. पाचवीत गेल्यावर तो स्वतःच करू लागला, आणि आईची फेरी वाचली.