सोरायसिस आणि आहार : पथ्य कोणते, गैरसमज कोणते ?

त्वचेच्या विकारांकडे पाहण्याची समाजाची दृष्टी अद्यापही भीतीची आणि संशयाची आहे. अंगावर चट्टे दिसू लागले की रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवली जाते, विवाहात अडचणी येतात आणि जो येईल तो एक नवे पथ्य सांगून जातो. सोरायसिस या विकाराच्या बाबतीत हा अनुभव विशेषत्वाने येतो. मीठ सोडा, दूध सोडा, आंबट सोडा, डाळी सोडा असे करता करता रुग्णाच्या ताटात फारसे काही उरत नाही. चट्टे मात्र तसेच राहतात. म्हणून या विकाराचा आणि आहाराचा नेमका संबंध काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

सोरायसिस हा त्वचेचा दीर्घकालीन दाहयुक्त विकार आहे. निरोगी त्वचेच्या बाह्य थरातील पेशी तळाशी निर्माण होऊन वर येण्यास व गळून पडण्यास सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हीच क्रिया अवघ्या तीन ते पाच दिवसांत घडते. त्यामुळे अपक्व पेशींचे थर साचतात आणि लालसर, जाड चट्ट्यांवर चंदेरी खवले दिसू लागतात. कोपर, गुडघे, कंबर आणि डोके या जागी ते अधिक आढळतात. डोक्यावरील खवल्यांना पुष्कळदा कोंडा समजून दुर्लक्ष केले जाते. काही रुग्णांमध्ये नखे खराब होतात, तर काहींचे सांधे सुजतात.

या विकाराचे मूळ शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी निष्कारण उद्दीपित होतात आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवू लागतात. आनुवंशिकता हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, त्वचेला झालेली इजा, धूम्रपान व काही औषधे यांमुळे विकार उफाळून येतो.

हा विकार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने तो पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली संमत केलेल्या ठरावातही सोरायसिस हा असंसर्गजन्य विकार असल्याचे नमूद केले आहे.

कुष्ठरोग नव्हे

आयुर्वेदात ‘कुष्ठ’ या एका संज्ञेखाली त्वचेच्या अठरा विकारांचे वर्णन येते. आजच्या व्यवहारात मात्र कुष्ठरोग हा शब्द एका विशिष्ट जंतूमुळे होणाऱ्या रोगासाठीच वापरला जातो. सोरायसिस त्याहून सर्वस्वी वेगळा आहे. युरोपातही पूर्वी या दोहोंची गल्लत होत असे. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये ती दूर केली. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना नसते, सोरायसिसच्या चट्ट्यावर ती असते. तरीही निदान घरी न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोग असलाच तरी त्यावर मोफत आणि गुणकारी उपचार उपलब्ध आहेत.

आहाराचा संबंध कोठे येतो ?

कोणताही एक पदार्थ खाल्ल्याने सोरायसिस होतो किंवा एखादा पदार्थ सोडल्याने तो कायमचा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. तथापि आहाराचा संबंध मुळीच नाही, असेही नाही. तो मुख्यतः शरीराच्या वजनाच्या मार्गाने येतो.

शरीरातील चरबी म्हणजे केवळ साठवलेले इंधन नव्हे. विशेषतः पोटाभोवतीच्या चरबीतून दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि सोरायसिसमध्ये आधीच चालू असलेल्या दाहात त्यांची भर पडते. म्हणूनच लठ्ठ व्यक्तींमध्ये हा विकार अधिक प्रमाणात व अधिक तीव्र आढळतो, आणि काही औषधांचा गुणही त्यांना कमी येतो.

वजन उतरल्याने काय घडते, याची पद्धतशीर पाहणी झाली आहे. इटलीमध्ये वजन जास्त असलेल्या ३०३ रुग्णांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधोपचार सर्वांनाच चालू होता. ज्यांना आहारनियंत्रण आणि व्यायाम यांचा कार्यक्रम दिला, त्यांच्या विकाराची तीव्रता वीस आठवड्यांत ४८ टक्क्यांनी घटली. ज्यांना केवळ माहिती दिली, त्यांची २५.५ टक्क्यांनी घटली. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या पाहणीत वजन घटविलेल्यांचे दैनंदिन जीवन निश्चितपणे सुसह्य झाले. त्वचेतील सुधारणेचा कल मात्र निर्णायक ठरला नाही. वजन घटविणे हा औषधाला पर्याय नसून त्याला मिळणारी जोड आहे, असाच याचा अर्थ होतो.

भारतीयांच्या बाबतीत वजनाची मर्यादा अधिक काटेकोर मानली जाते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोंच्या पुढे गेले की ते जास्त, आणि ६४ किलोंवर गेले की लठ्ठपणा समजावा. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक नसावा. ज्यांचे वजन मुळातच योग्य किंवा कमी आहे, त्यांनी उपाशी राहून वजन घटविण्याचे कारण नाही.

मद्य व धूम्रपान

मद्यपानामुळे विकाराची तीव्रता वाढते आणि उपचारांत खंड पडतो. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्यांनी तर मद्य पूर्णतः वर्ज्य करावे. कारण दोन्हींचा भार यकृतावर पडतो. हे औषध आठवड्यातून ठरावीक दिवशीच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. धूम्रपानही सोडणे हितकारक आहे.

गहू, दूध आणि मासे

सोरायसिसच्या काही रुग्णांना गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही. रक्ततपासणीत तसे आढळल्यास गहू टाळल्याने लाभ होऊ शकतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही ग्लूटेनविरहित धान्ये घरोघरी असल्याने हे पथ्य पाळणे अवघड नाही. तपासणीत दोष न आढळल्यास सरसकट गहू सोडण्याची आवश्यकता नाही.

दूध व मासे एकत्र खाल्ल्याने अंगावर कोड उठते किंवा त्वचारोग होतो, हा समज सर्वत्र रूढ आहे. ज्यांना परंपरेने हे एकत्र खाणे नको वाटते, त्यांनी ते टाळण्यास हरकत नाही. मात्र सोरायसिस झाला म्हणून दूध आणि मासे दोन्ही आहारातून कायमचे काढून टाकणे अनिष्ट आहे. विकार अंगभर पसरल्यास गळणाऱ्या खवल्यांबरोबर शरीरातील प्रथिनांचाही ऱ्हास होतो. अशा वेळी दूध, डाळी, अंडी व मासे बंद केल्याने रुग्ण अधिकच खंगतो. वाढत्या मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या बाबतीत तर असे पथ्य घातक ठरते. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास वाढतो असे वाटल्यास त्याची नोंद ठेवावी, डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांच्या सल्ल्याने तेवढाच पदार्थ काही काळ टाळून पाहावा.

ताटात काय असावे ?

फ्रान्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व वनस्पतिजन्य तेल यांवर भर देणाऱ्या भूमध्य सागरी पद्धतीच्या आहाराकडे ज्यांचा कल अधिक होता, त्यांच्यात तीव्र सोरायसिस कमी आढळला. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु दिशा कळते. या आहारासाठी परदेशी पदार्थ आणावे लागत नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी वा मुगाची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, ताक आणि हंगामातील एखादे फळ हा आहार त्याच जातीचा आहे. कमी करावयाचे ते तळलेले पदार्थ, फरसाण, बेकरीचे जिन्नस, गोड पेये आणि दिवसभरातील साखरेचा चहा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे व शेंगदाण्याचे लाडू खाल्ल्यास वजन उतरण्याऐवजी वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

औषध सोडू नये

सोरायसिस समूळ नाहीसा करणारे औषध नसले, तरी तो आटोक्यात ठेवणारे मलम, प्रकाशोपचार, गोळ्या व इंजेक्शने उपलब्ध आहेत. ‘पथ्य पाळा, हमखास गुण येईल’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास प्रारंभी चट्टे झपाट्याने मावळतात, परंतु पुडी बंद करताच विकार पूर्वीपेक्षा उग्र रूपाने उसळू शकतो.

गावाची जबाबदारी

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलाच्या अंगावर थेंबांसारखे लाल ठिपके उठल्यास शिक्षकांनी पालकांना ते दाखवून मुलाला आरोग्य केंद्रात नेण्यास सांगावे. अशा मुलाला शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत वेगळे बसवू नये. इतर मुलांना चार वाक्यांत सत्य सांगितले, तर ती ते सहज समजून घेतात. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा काढावा आणि आशा कार्यकर्ती व आरोग्य सेवकांकडून माहिती द्यावी. २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन त्यासाठी सोयीचा आहे.

सोरायसिसच्या रुग्णाला चौरस आहार, नियमित औषध आणि वजनावर नियंत्रण यांची जितकी गरज असते, तितकीच चारचौघांत बसून जेवण्याचीही असते. यांतील पहिल्या तीन गोष्टींसाठी डॉक्टरांचे मार्गदर्शन लागते. चौथी गोष्ट गावाने मनावर घेतल्यास आजच होऊ शकते.