सुगरण आणि उंदीर

भाताला लोंब्या आल्या की आंबीसारख्या मावळातील गावी शिवारावर दोन लहान जीवांची नजर असते : दिवसा सुगरण पक्ष्याची आणि रात्री उंदराची. दोघांचे वजन 20 ग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे जुन्या मापाने दोन तोळ्यांहूनही थोडे कमीच. दाणा दोघेही खातात. तरी एकाचे घरटे आपण कौतुकाने दिवाणखान्यात टांगतो आणि दुसऱ्यासाठी सापळा लावतो.

'सुगरण' हे नाव स्त्रीलिंगी. म्हणून ते लोंबते घरटे मादीच विणते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः विणकर आहे नर. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी 1930 साली अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्यांची वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली, तेव्हा त्यांच्या संसाराचा क्रम उलगडला. पावसाळ्यात नराचे मस्तक पिवळेधमक होते. गवताची पात चोचीने चिरून तो लांब धागे काढतो व फांदीला गुंफतो. घरटे अर्धे होऊन शिरस्त्राणासारखे दिसू लागले, की तो पंख फडफडवीत गातो. माद्या येऊन पारख करतात. एखादीने पसंत केले तर तो खालची नळी पुरी करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे आरंभितो! विद्यार्थ्यांनो, विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट घरटी दिसली तर ती वाऱ्याने मोडलेली समजू नका. बहुधा ती नाकारलेली होत. अंडी मात्र एकटी मादीच उबविते आणि पिलांना बहुतेक तीच भरविते. तेव्हा नाव अगदीच वाया गेलेले नाही.

उंदराच्या चिंध्यांच्या गोळ्याला कोणी कारागिरी म्हणणार नाही. पिले दोन्ही घरी जन्मतः उघडी व आंधळी. एकीकडे किडे-अळ्यांचा घास, दुसरीकडे सुमारे तीन आठवडे आईचे दूध. सुगरणीची अंडी दोन ते चार. उंदराला एका वेळी पाच-सहा पिले, आणि तीही वर्षातून अनेकदा. शेतकऱ्याचा राग निष्कारण नाही.

पण गाणे? ते उंदरालाही येते. 2005 साली अमेरिकेत टिमोथी होली व झोंगशेंग गुओ यांनी मादीचा गंध हुंगणाऱ्या नरांचे आवाज यंत्राने टिपले. त्यांत निरनिराळे स्वर ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येत होते. गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिलांना गाणे वडीलधाऱ्यांकडून ऐकून शिकावे लागते; उंदीर जन्मतः बहिरा असला तरी जवळजवळ तेच गातो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतच ऐकतो आणि उंदराची पट्टी त्याहून वरची. ध्वनिमुद्रण खालच्या पट्टीत आणले म्हणजे ते थेट पाखराच्या शिळेसारखे ऐकू येते.